डब्यातली आई

दर वर्षी पितृपक्षातल्या अविधवा नवमीला मी समोरच्या घरी आई म्हणून जेवायला जाते.

आमच्या दारासमोरचं दार गिरिजाकाकूंचं. सिल्व्हर पार्क सोसायटीत आम्ही दोघी एकाच सुमाराला राहायला आलो. त्या लालबागच्या चाळीतून आल्या, मी लग्न होऊन रत्नागिरीहून. नवऱ्याच्या आधी बाई गेली की ती सवाष्ण गेली असं आपण म्हणतो. तिच्या नावानं नवमीला एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. काकूंची आई तशी गेली. काकू तेव्हा अंगावर पीत होत्या. त्या आईच्या जागी पाटावर बसायचा मान काकूंनी मला दिला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

पान वाढून झालं की काकू मला वाकून नमस्कार करायच्या. पहिल्या वर्षी मी घाबरून पाय मागे घेतले. आईच्या वयाच्या बाईनं माझ्या पाया पडायचं, हे मला पाप वाटलं. तर त्या म्हणाल्या, "तुझ्या कोण पडतंय गं पाया? आज तू संपदा नाहीस. गप बस आणि आशीर्वाद दे."

पूजा झाली की चार ओळी वहीत लिहायची माझी रोजची सवय आहे. काकू चार ओळींत मावत नाहीत, म्हणून आज हे सलग लिहायला बसले.

काकू कोणी मोठ्या नव्हेत. त्यांचे यजमान महिपतकाका पोस्टात होते, ते गेले. मुलगा चंदन, सून आणि नात सान्वी असं घर. आयुष्यभर काकूंनी साड्यांना फॉल लावले. आमच्या सोसायटीतली एक साडी अशी नसेल जिला त्यांचा टाका नाही. गुजराती शेजारणी पिशव्या भरभरून साड्या आणायच्या आणि काकू हिंदी-गुजराती मिसळून त्यांना दटावायच्या, "परसो मिलेगी, अभी जा ने बेन." कापड त्या डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त ओळखायच्या. चिमटीत धरलं की सांगायच्या, हे सिल्क नाही, तुला फसवलंय.

पण ह्या साध्या बाईची आई सिनेमात होती. बोलपट यायच्या आधीच्या, मुक्या सिनेमात.

तिचं नाव मंदा. 'काजळकोठी' नावाची एक रहस्यकादंबरी होती, तिच्यावरून तेव्हाच्या एका कंपनीनं सिनेमा काढला. कादंबरी काकूंकडे आहे, बांधणी सुटलेली, पानं कुरमुऱ्यांसारखी झालेली. दुपारी मी पोथी घेऊन त्यांच्याकडे जायची आणि त्या ही कादंबरी घेऊन बसायच्या. मला चिडवायच्या, "तुझ्या पोथीत काय होणार ते तुला आधीच माहीत असतं. माझ्या पोथीत शेवटच्या पानापर्यंत कळत नाही." मी म्हणायची, "काकू, तुम्हाला तर सगळं पाठ आहे." त्यावर त्या म्हणायच्या, "पाठ आहे, पण पाहिलेलं नाही."

गोष्ट अशी. काजळकोठीत एक श्रीमंत व्यापारी राहतो. त्याच्या घरात एक बुरखेवाली बाई येते, दिसते आणि नाहीशी होते. ती आली की काहीतरी चोरीला जातं किंवा कोणीतरी मरतं. गुप्तहेर तिच्या मागावर असतो. शेवटी ती एका बंद दारातून बाहेर येते, बुरखा दूर करते, आणि कळतं की ही त्या व्यापाऱ्याची पहिली बायको, जिला मेलेली समजून त्यानं क्रियाकर्म उरकून टाकलं होतं.

ती बुरखेवाली म्हणजे काकूंची आई. सगळ्या सिनेमात तिचं तोंड झाकलेलं. चेहरा फक्त शेवटी.

काकूंचे वडील, उत्तमराव, त्याच कंपनीत फिल्म धुण्या-वाळवण्याच्या खात्यात होते. तिथंच दोघांचं जमलं. लग्नानंतर मंदाबाईंनी काम सोडलं. पण घरात उत्तमरावांची बहीण होती, तिला सिनेमातली भावजय कधीच पचली नाही. मंदाबाई तापानं गेल्या आणि तेरावं झाल्यावर ह्या आत्याबाईंनी त्यांची ट्रंक मोरीत नेऊन फोटो, जाहिराती, सगळं जाळून टाकलं. "घराला लागलेला डाग धुतला" असं म्हणाल्या म्हणे. काकूंना सांभाळलं, न्हाऊमाखू घातलं ते त्यांनीच, त्यामुळे काकू त्यांना वाईटही बोलायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "आत्यानं मला आई दिली आणि माझी नेली."

आणि सिनेमा? बोलपट आल्यावर मुक्या सिनेमांना कोण विचारतो. कंपनी बुडाली, डबेच्या डबे वजनावर विकले गेले. फिल्म खरवडून त्यातली चांदी काढायची आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या करायच्या, असा धंदाच होता तेव्हा. काकू हसून सांगायच्या, "माझी आई किती बायांच्या हातात वाजली असेल, कोण जाणे. चांदी काढून नेली तिची, आणि बघ, मी येऊन राहिले सिल्व्हर पार्कात."

डबे जायच्या आधी उत्तमरावांनी शेवटचा तुकडा कापून ठेवला होता. एका चपट्या गोल पत्र्याच्या डब्यात. तो डबा म्हणजे काकूंची आई.

उत्तमराव दर अविधवा नवमीला तो डबा काढायचे. झाकणाला हळदकुंकू लावायचे, मग हात पुसून झाकण उघडायचे आणि गुंडाळीचं टोक खिडकीच्या उजेडात धरून लेकीला दाखवायचे. बारीक बारीक चौकोनांत एक दार दिसायचं, पितळी कडीचं, बंद. "आई दाराच्या मागे आहे," ते सांगायचे. पुढचं उलगडायचे नाहीत. फिल्म कडक झालीय, मोडेल, म्हणायचे. कधीतरी ओळखीचं यंत्र मिळालं की सगळं दाखवीन. ते यंत्र काही मिळालं नाही. काकूंच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. जाताना डबा हातात देऊन एकच ताकीद दिली. दिवा लांब ठेव, पाणी लांब ठेव.

वडील गेल्यावर खरं तर नवमी करायची नसते, कारण बाई मग अविधवा राहत नाही. गुरुजींनी तसं सांगितलंही. काकूंनी ऐकलं नाही. माझी आई गेली तेव्हा सवाष्ण होती, त्यानंतर तिला कोणी सांगायला गेलं नाही की तुझा नवरा गेला, असं म्हणाल्या.

मी पाटावर बसले की काकू देवघराच्या खालच्या कप्प्यातून डबा काढायच्या. समई उचलून दूर ठेवायच्या. पाण्याचा तांब्या सरकवून लांब करायच्या. ताकीद अगदी तोंडपाठ. मग झाकण उघडायच्या, तांब्यात बोट बुडवायच्या, ओल्या बोटानं हळद, ओल्या बोटानं कुंकू, गुंडाळीवर मधोमध लावायच्या, वर अक्षता टाकायच्या. वडील झाकणाला लावायचे, पण काकूंना ते पटायचं नाही. म्हणायच्या, "झाकणाला काय लावायचं? दाराबाहेरून हाक मारल्यासारखं. लेकीनं आईच्या कपाळाला लावावं." मला ते इतकं गोड वाटायचं की मी हात जोडायची.

गेल्या वर्षी काकूंच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं. सुई ओवता येईना. मग एके दिवशी त्यांनी मला जिन्यात ओळखलं नाही, आवाजावरून हाक मारली. भाईंदरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्यांचा पडदा झिजतोय. समोरचं मधलं तेवढं जाणार, कडा राहतील. म्हणजे चालता येईल, भिंत दिसेल, ताटाची कड दिसेल, पण माणसाकडे बघितलं तर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. इंजेक्शनं दिली तर थोडं लांबेल, थांबणार नाही.

घरी येऊन काकू म्हणाल्या, "आईचा पडदा गेला, आता माझा निघाला."

त्या हसल्या, पण त्या दिवशी कादंबरी उघडली नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "संपदा, मला एकदा तिचं तोंड बघायचंय गं. तोंडंच जाणार म्हणतोय ना डॉक्टर. तर मग जायच्या आधी ते एक बघून घेते. बाकीची सगळी मी पाहिलीयेत."

सान्वी कॉलेजात सिनेमाचंच काहीतरी शिकते. तिनं शोधाशोध केली. 'काजळकोठी'चं नाव तेवढं कुठल्याशा यादीत होतं, पुढे लिहिलं होतं, उपलब्ध नाही. पण त्या शोधात तिला मिनल सापडली. जुन्या फिल्मा वाचवणाऱ्या एका संस्थेत ती काम करते, आणि त्यांची तपासणीची जागा आमच्या जवळच, काशीमीऱ्याला गोदामांच्या रांगेत. सान्वीनं फोनवर डब्याचं सांगितलं. मिनलनं आधी विचारलं, डबा कुठे ठेवलाय? सान्वी म्हणाली, देवघराखाली. त्या काळची फिल्म दारूगोळ्यासारखी पेटते, हे आम्हाला तेव्हा कळलं. वर समई, खाली डबा, इतकी वर्षं. चंदन हादरला. सोसायटीला कळलं तर घराबाहेर काढतील, म्हणाला. मी मात्र मनात म्हटलं, देवानंच सांभाळलं. ज्यानं आगीतून वाचवलं तो काय चेहरा दाखवल्याशिवाय राहील? मी नवस बोलले. काकूंना आई दिसली की वर्षभर संकष्टीला पाणीसुद्धा घेणार नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही तिघी रिक्षानं निघालो. काकूंनी डबा ओल्या फडक्यात नाही, कोरड्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला होता. पाणी लांब, मला बजावून सांगितलं. मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "माताजी, डिब्बे में क्या है?"

काकू म्हणाल्या, "मेरी माँ."

त्यानं गाणी बंद केली. पुढे प्रत्येक खड्ड्याशी रिक्षा इतकी हळू घेतली की मागचे ट्रक भोंगे मारमारून दमले. उतरल्यावर त्यानं डब्याला हात लावून तोच हात कपाळाला लावला. तो गेल्यावर सान्वीला हसू आवरेना. काकूही हसल्या. "अस्थी वाटल्या मेल्याला," म्हणाल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

मिनल साधी, चटपटीत मुलगी. हातात मोजे, तोंडाला मास्क. तिनं आम्हालाही मास्क दिले, कारण वास सोसणार नाही म्हणाली. काकूंना खुर्ची दिली. डबा पांढऱ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उचललं.

वास आलाच. आंबलेला, घामट. मी दर वर्षी तो डबा उघडताना पाहिला होता, पण मी पाटावर, डबा देव्हाऱ्याजवळ, मधे उदबत्तीचा धूर. इतक्या जवळून आणि इतक्या पांढऱ्या दिव्याखाली कधी बघितलंच नव्हतं. गुंडाळीची वेटोळी दिसतच नव्हती. मारुतीच्या अंगावर शेंदराचे थर बसतात तसा थर बसला होता. पिवळा, वर लाल, त्यावर पुन्हा पिवळा. मला आधी भीती नाही वाटली. गावच्या मारुतीचं असं शेंदराचं कवच गळून पडलं होतं आणि आत मूळ मूर्ती निघाली होती, रेखीव, नाकडोळ्यांसकट. मला वाटलं, इथंही तसंच असेल. ही पोरगी कवच काढील आणि आत मंदाबाई असतील.

मिनलनं एका पातळ पट्टीनं कड उचलायचा प्रयत्न केला. कड उचलली गेली नाही. भुगा झाला, तपकिरी. तिनं पट्टी खाली ठेवली.

"आजी," ती म्हणाली, "यावर कधी पाणी पडलं होतं का?"

काकू ताठ बसल्या. "पाण्याचा थेंब नाही. बाबांची ताकीद होती."

मिनलनं माझ्याकडे पाहिलं. सान्वीनंही पाहिलं. मी खाली बघितलं. कोणी काही बोललं नाही आणि मला वाटलं, असंच राहू दे. मिनल शहाणी होती, ती पटकन म्हणाली, की ह्या फिल्मा मुळातच टिकत नाहीत, आपोआप विरघळतात, तुमचा डबा इतकी वर्षं राहिला हेच नवल. खोटं नव्हतं ते.

पण काकूंना गप्प बसणं ऐकू येतं. "मला जरा हात लावू दे," त्या म्हणाल्या.

 मिनलनं त्यांच्या हातात मोजा चढवायला घेतला. काकूंनी हात मागे घेतला. "मोज्यानं मला काय कळणार? माझे डोळे बोटांत आहेत."

मिनलनं डबा पुढे सरकवला. काकूंनी गुंडाळीवर बोटं ठेवली, कापडाचा पोत बघतात तशी. कडेपासून मधोमध आल्या. तिथं बोट थांबलं. पुन्हा फिरवलं. चिमटीत काहीतरी धरलं, दोन बोटांत चोळून बघितलं.

"तांदूळ आहे हा," काकू म्हणाल्या.

बाहेर कुठल्याशा गॅरेजात पत्रा ठोकत होते. काकूंचं बोट तिथंच, त्या थरावर.

"हळदकुंकू म्हणजे पाणी होतं होय गं?"

त्यांनी कोणाला विचारलं ते मला अजून कळलेलं नाही. मला वाटलं, मलाच. पण मी तरी काय सांगणार? आपण कधी हळदकुंकवाला पाणी म्हणतो का? ते पाण्यानं लावतात, पण ते पाणी नसतं. ह्या बाईनं तांब्या लांब सरकवला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येक वर्षी.

मिनल पुन्हा समजावू लागली, आजी, हे तसंही झालंच असतं. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग त्याच्या मनानं झालं असतं ना, बाळा. मी कशाला हात लावला?"

आतल्या गाभ्याशी थोडं काही असेल तर बघते, वेळ लागेल, आशा ठेवू नका, एवढं सांगून मिनलनं डबा ठेवून घेतला. परतताना काकूंची मांडी मोकळी होती. हात मात्र जाताना होते तसेच, दोन्ही बाजूंनी काहीतरी धरल्यासारखे.

त्यानंतर काकूंनी देवपूजा सोडली. म्हणजे सान्वीकडून करून घ्यायच्या, स्वतः हात लावायच्या नाहीत. देवाला आंघोळ घालायची वेळ आली की उठून गॅलरीत जायच्या. श्रावणात मी त्यांना हळदीकुंकवाचं ताट नुसतं धरायला सांगितलं तर म्हणाल्या, "नको. माझ्या हाताला नको देऊस ते."

मला राहवेना. मी पोथी वाचणारी बाई, मला जे समजतं तेच मी सांगणार. मी त्यांना म्हटलं, काकू, देव वस्तू बघत नाही, भाव बघतो. तुमचा भाव आईपर्यंत पोचला असेल.

"पोचला ना," काकू म्हणाल्या. "पार आतपर्यंत पोचला. तेच तर झालं."

 त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नाही.

गणपती गेले आणि मिनलचा फोन आला. सान्वी माझ्याकडे धावत आली, आजीला काय सांगू म्हणाली. गाभ्याजवळच्या इवल्याशा पट्टीत काहीतरी वाचलंय, पण फोनवर सांगण्यासारखं नाही, घेऊनच येते, असं मिनल म्हणाली होती. मी म्हटलं, आत्ता काही सांगू नकोस. पण सान्वी लहान आहे, तिला चेहरा झाकता येत नाही. काकूंना तो दिसत नसला तरी पावलं ऐकू आली. मिनल आली त्या दुपारी काकू ठेवणीतली नारायणपेठी नेसून, केस चापूनचोपून बांधून सोफ्यावर बसलेल्या. पायाशी चपला नीट जोडून ठेवल्या होत्या, जणू कोणाच्या तरी घरी जायचंय.

मिनलनं लॅपटॉप उघडून त्यांच्या समोर धरला. काकूंनी मान तिरकी केली. समोर बघितलं की काळा डाग येतो, म्हणून त्या पक्ष्यासारख्या एका बाजूनं बघतात हल्ली. बराच वेळ बघितलं. मान दुसऱ्या बाजूला केली.

"ही कुठाय?" त्यांनी विचारलं.

मिनल जमिनीवर बसली, त्यांच्या गुडघ्याशी. चेहऱ्याचा एकही चौकोन हाती लागला नाही, तिनं सांगितलं. दारही नाही. मुक्या सिनेमात माणसं बोलायची ते मधे मधे पाटीवर लिहून दाखवायचे. तशी एक पाटी वाचलीय. बुरखा काढल्यावरची असणार, कारण तिच्यानंतर 'समाप्त'चा अर्धा तुकडा आहे. तुमच्या आईचं वाक्य आहे ते, आजी. सिनेमातलं शेवटचं.

काळ्यावर पांढरी अक्षरं होती. वर मराठी, खाली गुजराती. कडा वाळवीनं खाल्ल्यासारख्या. मी वाचून दाखवलं, जुन्या लिहिण्यातले अनुस्वार जसे होते तसे.

"आतां तरी ओळखलेंत का?"

 काकू म्हणाल्या, "पुस्तकात असं नाहीये. पुस्तकात ती बुरखा काढते आणि नवरा मूर्च्छा येऊन पडतो. ती बोलतच नाही." मग, "हे मला माहीतच नव्हतं. ती बोलली म्हणजे."

पुन्हा वाच म्हणाल्या. मी वाचलं. पुन्हा. सान्वी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथं नळ सोडून उभी राहिली.

"नवऱ्याला म्हणतेय," काकू म्हणाल्या, अगदी शिवणातलं काही समजावल्यासारखं. "ओळखलंत का. अहोजाहो आहे बघ."

जाताना मिनलनं रिकामा डबा परत दिला. राहिलेला भुगा घरात ठेवण्यासारखा नव्हता, तो संस्थेनं आपल्या रीतीनं नष्ट केला. डबा स्वच्छ होता. काकूंनी तो घेतला, हलवून बघितला आणि सान्वीकडे दिला. कुठे ठेवू असं तिनं विचारलं, तर म्हणाल्या, "आता कुठेही ठेव. गॅसजवळ ठेवलास तरी चालेल."

नवमी आली. मला वाटलं होतं ह्या वर्षी बोलावणं येणार नाही. सकाळी सान्वी दारात आली, आजीनं जेवायला बोलावलंय म्हणाली. मी हिरवी साडी नेसले आणि गेले.

सगळं नेहमीसारखं होतं. तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, भोपळा, आमसुलाची चटणी. पाट, रांगोळी. फक्त डबा नव्हता. मी बसले, सान्वीनं वाढलं. ओटी सुनेनं भरली, कुंकूही तिनंच लावलं. काकूंनी कशाला हात लावला नाही. नमस्काराची वेळ आली तेव्हा त्या वाकल्या नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर, गुडघे धरत धरत, मांडी घालून बसल्या.

माझा चेहरा त्यांना आता दिसत नाही. त्यांनीच मला सांगितलंय, तू म्हणजे मला भोवतालचा पदर, कानातल्या कुड्या, हातातल्या बांगड्या आणि मधे काळं. त्या तशाच बघत बसल्या. मला एकदम वाटलं, त्यांच्यासमोर पाटावर ती बुरखेवालीच बसलीय.

"बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू, काकू?"

"तिचं वाक्य."

मी पाटीवरची अक्षरं डोळ्यांसमोर आणली. तोंड उघडलं. पण आज मी पाटावर होते, आज मी संपदा नव्हते, आणि आई काही लेकीला अहोजाहो करत नाही. शेवटचं अक्षर माझ्या तोंडात आपोआप बदललं.

"आता तरी ओळखलंस का?"

काकूंनी ते ऐकलं. तो 'त' गेलेला आणि 'स' आलेला त्यांना बरोबर कळला, त्यांच्या हनुवटीवरून मला दिसलं. त्यांनी मान तिरकी केली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. हात उचलला, माझ्या कपाळाच्या दिशेनं आणला. कुंकवाच्या अलीकडे बोटभर अंतरावर तो थांबला. मग तसाच मागे गेला. बोट त्यांनी पदराला पुसलं, कोरडंच होतं तरी.

"नाही गं आई," त्या म्हणाल्या. "नाही ओळखलं."

मग त्यांनी चाचपून खिरीची वाटी माझ्याकडे सरकवली. "जेव. गार होतंय."

सवाष्णीनं पानात काही टाकायचं नसतं आणि पानावर डोळ्यांतलं पाणी पडू द्यायचं नसतं. मी मान वर करून जेवत राहिले.